मधल्या तक्त्याबद्दल बदललेलं मत

जँगोमध्ये मेनी-टू-मेनी नातं एका ओळीत बांधता येतं आणि मधला तक्ता फ्रेमवर्कच तयार करतं. ही सोय मला फार आवडायची. जास्तीची माहिती लागेल तेव्हा बघू, असं मी टीममध्ये सांगत असे. आता सांगतो: मधलं मॉडेल पहिल्या दिवशीच स्वतः लिहा.

मत पालटलं ते एका पुस्तकसूचीमुळे. एकीकडे पुस्तक, दुसरीकडे व्यक्ती. आधी फक्त लेखक होते, मग अनुवादक आले, संपादक आले, मुखपृष्ठकार आले. दोन लेखक असले तर कोणाचं नाव आधी छापायचं? आणि एखाद्या कवयित्रीने स्वतःच्या संग्रहाचं मुखपृष्ठही स्वतःच रंगवलं असेल तर? जँगोचा आयता तक्ता तीच जोडी दुसऱ्यांदा ठेवत नाही, त्यावर युनिक बंधन असतं. भूमिका काय आणि क्रम कितवा, ही माहिती पुस्तकाचीही नाही आणि व्यक्तीचीही नाही. ती त्या दोघांमधल्या नात्याची आहे. शेवटी 'श्रेय' नावाचं मॉडेल केलं, त्यात दोन फॉरेन की, भूमिका आणि क्रम ठेवले, आणि फील्डला ते 'थ्रू' म्हणून दिलं.

पीटर चेन यांनी एंटिटी-रिलेशनशिप मॉडेलवरच्या १९७६च्या लेखात हे स्वच्छ मांडलं आहे. कर्मचारी एखाद्या प्रकल्पाला किती टक्के वेळ देतो, हा गुण त्यांनी नात्यालाच दिला.

'नंतर बघू' महागात पडतं. चालू फील्डला नुसतं 'थ्रू' जोडायला गेलं की मायग्रेशन साफ नकार देतं. मग तक्ता जागेवर ठेवायचा, नव्या मॉडेलला त्याचंच नाव द्यायचं, बदल फक्त जँगोच्या नोंदीत करायचा आणि त्यानंतर नवे कॉलम घालायचे. जुनं युनिक बंधन डेटाबेसमध्ये तसंच राहतं, ते वेगळं काढावं लागतं. भरलेल्या तक्त्यावर हे करताना हात जपूनच चालतो.

अ‍ॅडमिनमधली आयती निवडपेटी जाते आणि इनलाइन लिहावं लागतं, हे खरं. पण २०१९च्या २.२ आवृत्तीपासून 'अ‍ॅड' करतानाच जास्तीची मूल्यं देता येतात, त्यामुळे जुनी मोठी अडचण उरली नाही. 'रिमूव्ह' मात्र अजून जपून वापरावं. त्या जोडीच्या सगळ्याच ओळी जातात. मुखपृष्ठाचं श्रेय काढायला गेलात तर कवितांचंही पुसलं जाईल. श्रेयाची नेमकी ती ओळच डिलीट करावी.

साध्या टॅगलाही हे हवं का, असं विचारतात. मी हो म्हणतो. टॅग कोणी लावला आणि कधी लावला, हे आज ना उद्या कोणीतरी विचारतंच.