टीचरम्माचा डबा

सोलापूर स्टेशनवरून रिक्षाने अशोक चौकाच्या पुढे पूर्व भागात शिरले, की दोन आवाज सतत कानावर पडतात. एक यंत्रमागाची खटखट आणि दुसरी तेलुगू भाषा. दुकानाच्या पाट्या मराठीत, भाव विचारायचा मराठीत, पण दारात बसून विड्या वळणाऱ्या बायका एकमेकींशी बोलतात ते तेलुगूत. मराठी मुलखातले हे शहर जेवणाखाण्याच्या बाबतीत निम्मे दक्षिणेत आहे, हे आम्हाला ऐकून माहीत होते. चाखायला मिळाले ते आमच्या भाचीमुळे.

भाची बार्शी तालुक्यातल्या खेड्यातली. आई-वडील दोघेही दुसऱ्याच्या रानात मजुरीला जातात. बारावी झाल्यावर तिने शिक्षणशास्त्र पदविकेला, म्हणजे ज्याला आपण अजून डी.एड. म्हणतो आणि आता डी.एल.एड. म्हणतात त्याला, सोलापुरात प्रवेश घेतला. वसतिगृहात नंबर लागला नाही, म्हणून खोली शोधणे आले. खोली शोधताना काय होते हे आमच्या वाचकांना सांगायला नको. दोन ठिकाणी खोली दाखवली, भाडे ठरले, मग आडनाव विचारले आणि घरमालकाच्या गावाकडचे पाहुणे अचानक राहायला येणार असल्याचे कळले. तिसरी खोली मिळाली ती एका विणकराच्या घराच्या मागच्या बाजूला, पत्र्याची, आठ बाय दहाची. आडनाव तिथेही विचारले होते. पण भाडे वेळेवर देणार का, एवढाच पुढचा प्रश्न झाला.

हे विणकर पद्मशाली समाजाचे. एकोणिसाव्या शतकापासून निजामाच्या मुलखातून, करीमनगर, वरंगळ, नलगोंडा या भागांतून ही मंडळी पोट भरायला सोलापुरात येत राहिली. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी निघाली, हातमाग होतेच, नंतर यंत्रमाग आले. गिरण्या एकेक करून बंद पडल्या; चादर आणि टॉवेल मात्र यंत्रमागावर निघतच राहिले. पुरुष मागावर आणि बायका विडीवर असा या घरांचा संसार. भाचीच्या घरमालकिणीला सगळी गल्ली अम्मा म्हणते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओली करून ठेवलेली पाने, पत्र्याच्या मापाने पान कापायचे, वळायचे, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजारावर. बोलताना हात थांबत नाही.

भाचीचा दिवस साडेपाचला सुरू होतो. नळाला पाणी यायचा दिवस असला तर त्याहूनही आधी. मग पाठ टाचण काढायचे. आपल्या मुली शिक्षिका होतात तेव्हा त्यांना किती लिहावे लागते, हे घरच्यांना दिसत नाही. एका तासाच्या शिकवण्यासाठी उद्दिष्टे, प्रस्तावना, प्रश्न, फळालेखन, मूल्यमापन, स्वाध्याय, सगळे वहीत आधी लिहायचे, मार्गदर्शकांची सही घ्यायची, मग वर्गावर जायचे. मागच्या बाकावर मैत्रिणी निरीक्षण वही घेऊन बसलेल्या. तक्ते, शब्दपट्ट्या स्वतः करायच्या. कार्डशीट, स्केचपेन, गोंद यांचा खर्च स्वतःचा. ती साबणाच्या खोक्यांच्या आतल्या कोऱ्या बाजूवर शब्दपट्ट्या लिहिते. अक्षर मोत्यासारखे.

स्वयंपाकाला वेळ कुठला? पहिले दोन महिने तिने आईने पाठवलेल्या शिदोरीवर काढले. ज्वारीच्या कडक भाकरी आणि उखळात कुटलेली शेंगाचटणी. कडक भाकरी ही सोलापूर जिल्ह्याची खरी दौलत आहे. पातळ थापून, भाजून, कडक होईपर्यंत वाळवलेली ही भाकरी पापडासारखी मोडते आणि कित्येक दिवस टिकते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या आया-बायांनी ते मानांकन आपल्या डब्यात फार पूर्वीच दिले होते! पण रोज सकाळ-संध्याकाळ तेच खाऊन पोरगी वाळली. तेव्हा अम्माने आपणहून डब्याचे विचारले. पैसे बाहेरच्या खानावळीपेक्षा कमी. सरकारच्या स्वाधार योजनेत अर्ज केलेला होता, त्या हिशेबात ते बसत होते.

सुरुवातीला डबा उंबऱ्यावर मिळे. अम्मा आतून आणून हातात देई, भाची खोलीवर नेऊन खाई, घासून परत देई. आत ये असे कोणी म्हटले नाही, आणि हिनेही आत पाऊल टाकले नाही. आपल्या लेकरांना हे अंतर न सांगता कळते. मग एकदा तिला ताप आला. संध्याकाळी डबा न्यायला आली नाही म्हणून अम्मा स्वतः पत्र्याच्या खोलीत गेली. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. अम्माने फोटोकडे पाहिले, काही बोलली नाही. घरी जाऊन मऊ भात आणि चारू घेऊन आली. चारू म्हणजे चिंचेचे, मिरी-जिऱ्याचे पातळ कढण. पलंगाच्या कडेला बसून तिने ते पाजले. ताप उतरल्यावर म्हणाली, “आता आत येऊनच जेव की, भांडी दोनदा कशाला घासायची?”

शेजारच्या एका बाईंना हे रुचले नाही. त्यांनी तेलुगूत काही विचारले. अम्माने उत्तर मुद्दाम मराठीत दिले, भाचीला कळावे म्हणून: “माझ्या हातची विडी सगळ्या जातीचे लोक ओठाला लावतात. तेव्हा कोण विचारतो वळणारी कोण म्हणून?” भाची हे सांगताना हसत होती, पण आम्ही उभयता थोडा वेळ गप्प झालो.

आम्ही गेलो त्या दिवशी अम्माकडे जेवलो. जमिनीवर बसून, तिच्या नातवंडांच्या पंगतीत. भात, घट्ट वरण आणि पच्ची पुलुसु. हा प्रकार आमच्या बायकांनी उन्हाळ्यात जरूर करून पाहावा, कारण याला चूल फारशी लागत नाही. चिंच कोळून पातळ पाणी करायचे, त्यात बारीक चिरलेला कांदा, भाजून चुरडलेली हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ, गुळाचा खडा. वरून मोहरी, जिरे, कढीपत्त्याची फोडणी. उकळायचे नाही. मिरची जपून घालावी. आमच्या डोळ्यांतून पाणी आले आणि अम्माची नातवंडे खुशाल ओरपत होती. दुपारी सर्वापिंडी झाली. तांदळाच्या पिठात भिजवलेली हरभरा डाळ, शेंगदाणे, तीळ आणि कढीपत्ता घालून गोलबुडाच्या भांड्याला आतून थापायची, बोटाने भोके पाडून तेल सोडायचे. आपल्या थालीपिठाची तेलंगणातली बहीणच म्हणा. एकच तक्रार भाचीने हळूच केली. ज्वारीवर वाढलेल्या पोटाला भात तासाभरात विसरतो. म्हणून गावाकडून कडक भाकरी अजून येते, आणि ती आता अम्माची नातवंडेच जास्त खातात.

सरावपाठाची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्यासारखी. पूर्व भागातली मराठी शाळा, तिसरीचा वर्ग, परिसर अभ्यासाचा पाठ, विषय आपले अन्न. निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड. भाचीने विचारले, “पालेभाज्यांची नावे सांगा.” वर्ग चिडीचूप. मुलांना नावे येत नव्हती असे नाही, मराठीत येत नव्हती. तिने पिशवीतून सकाळी मंडईतून आणलेली अंबाडीची जुडी काढली. एक मुलगी उठून ओरडली, “पुंटिकूर!” मागून एक मुलगा, “आमच्याकडं पुंडी म्हणतेत.” तिने फळ्यावर तीन नावे एकाखाली एक लिहिली: अंबाडी, पुंटिकूर, पुंडी. कोणाच्या घरी डाळीत घालतात, कोणाच्या घरी ज्वारीच्या कण्या घालतात, हे मुलेच सांगू लागली. तास संपल्याची घंटा झाली तरी हात वर होते. पुंटिकूर हा शब्द ती कुठल्या पुस्तकात शिकली नव्हती, अम्माच्या चुलीपाशी शिकली होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे लिहिले आहे. ज्या वर्गात तीन घरभाषा बसतात तिथे हे कसे करायचे, ते बहुधा अशाच पोरी दाखवतील.

जेवणानंतर अम्माच्या यजमानांशी गप्पा झाल्या. त्यांचे आजोबा करीमनगरकडून आलेले. त्याच जुन्या करीमनगर जिल्ह्यात धूळिकट्टा येथे प्राचीन बौद्ध स्तूप सापडला आहे, हे आम्ही सांगितले. त्यांना ठाऊक नव्हते. आपली भीमा पंढरपूरवरून, सोलापूर जिल्ह्यातून पुढे कर्नाटकात जाते, तिच्या काठी सन्नतीजवळ कनगनहळ्ळीला सम्राट अशोकाची नाव कोरलेली प्रतिमा निघाली, हेही सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “मग तुमचं-आमचं गाव जुनंच की.”

सोलापूरला आलो आणि एक आठवण काढली नाही असे होणे शक्य नाही. १९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापली आणि ४ जानेवारी १९२५ रोजी सभेचे वसतिगृह उघडले ते याच शहरात. हायस्कुलात शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या जेवणाचा, कपड्यांचा, वह्या-पुस्तकांचा खर्च सभा करी. व्यवस्था पाहत होते सोलापूरचे जिवाप्पा ऐदाळे, जे १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात गेले. शिक्षणाच्या कामाची सुरुवात पुस्तकाबरोबर ताटापासूनही केली होती, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. उपाशी पोराला शिका म्हणून कसे सांगणार? त्या वसतिगृहात मुलगे होते. शंभर वर्षांनी त्याच शहरात आपली एक मुलगी शिकवायला शिकते आहे.

पुढची वाट सोपी नाही. पदविका झाली तरी टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टलवर यादीची वाट पाहणे. तिच्या आधीच्या तुकडीतल्या एक-दोघी अजून शिकवण्या घेऊन दिवस काढत आहेत. तिची आई फोनवर दर वेळी एकच विचारते, नोकरी कधी. भाचीचे उत्तर ठरलेले: “आधी पाठ तर पूर्ण होऊ दे, आई.” दर पौर्णिमेला ती बुधवार पेठेत मिलिंद नगरात वंदनेला जाते. मागच्या वेळी अम्माची धाकटी नात बरोबर गेली, खीर मिळते म्हणून.

निघताना अम्माने सकिनालूंची पुडी बांधून दिली. तांदळाच्या पिठाची, तीळ-ओवा घातलेली ही वेटोळी खरी संक्रांतीची, पण टीचरम्माचे मामा-मामी आले म्हणून अवेळी तळली होती. भाचीला ती टीचरम्माच म्हणते, अजून टीचर झालेली नसली तरी. गाडीला वेळ होता, म्हणून आम्ही तिची टाचणवही चाळली. पुढच्या पानांवर लाल शाईतले शेरे. शेवटच्या चार पानांवर दोन रकान्यांत शब्द: उप्पु, मीठ. नीळ्ळु, पाणी. बिय्यम, तांदूळ. उल्लिगड्डा, कांदा. चिंतपंडु, चिंच. खाली पेन्सिलीने लिहिले होते: सोमवारी चौथीचा पाठ, अम्माला भाज्यांची आणखी नावे विचारणे.