बिनफोडणीचा स्वयंपाक

जपानी जेवण म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांपुढे कच्चा मासा येतो. मग "ईऽऽ" आणि विषय संपला! गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून मी आमच्या नागपूरच्या घरात, शुद्ध शाकाहारी ओट्यावर, जपानी स्वयंपाक करते आहे हे ऐकल्यावर मैत्रिणी माझ्याकडे ज्या नजरेने बघतात ना... असो. बऱ्याच जणींनी आणि पुण्याच्या एका भाच्याने कृती मागितल्या, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. पण कृतींच्या आधी कारण सांगायला हवं.

कारण म्हणजे आमची नात. तेव्हा वय वर्षे सात. जन्म योकोहामाचा, बालवाडी तिथलीच, पहिलीही तिथेच झाली. जावयांचं तिकडचं काम संपलं आणि जूनमध्ये सगळे नागपूरला आले, कायमचे. मराठी तिला छान येत होतं, त्यामुळे आम्हाला वाटलं रुळेल आठ दिवसांत. ती मात्र जेवेचना. हट्ट नाही, रडारड नाही. पानावर बसायची, दोन घास चिवडायची आणि "झालं" म्हणून उठायची. तीन आठवड्यांत दोन किलो वजन उतरलं. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, सवय होईल.

घरात दोन तट पडले. आमच्या जाऊबाईंचं मत, "काही नाही, भूक लागली की खाईल बरोबर. लाड करून राहिले तुम्ही सगळे." मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. जिची शाळा गेली, मैत्रिणी गेल्या, घरासमोरचा रस्तासुद्धा गेला, तिच्यापुढची भाताची वाटी तरी आपण का काढून घ्यायची? लेक सांगत होती की तिथल्या शाळेत दुपारचं जेवण शाळेतच असतं. मुलंच पांढरे एप्रन घालून एकमेकांना वाढतात आणि सगळ्यांचं वाढून झाल्यावर एकदमच जेवायला सुरुवात करतात. सुरू करण्याआधी हात जोडून "इतादाकीमास" म्हणायचं, आपण श्लोक म्हणतो तसं. इथे आमच्याकडे ज्याला जशी भूक लागेल तसा तो जेवतो, आणि टीव्ही चालू!

तर सुरुवात भातापासून. आपल्या विदर्भात भाताची परीक्षा एकच, शिताला शीत चिकटता कामा नये. चिन्नोर, कोलम, एचएमटी, सगळे त्याच परीक्षेला बसतात. (एचएमटी म्हणजे घड्याळाच्या नावाचा तांदूळ. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात वेगळ्या लोंब्या हेरून, वर्षानुवर्षे निवड करत हा वाण तयार केला. २०१८ साली गेले ते.) जपानी माणसाची परीक्षा बरोबर उलटी. भात चिकटलाच पाहिजे, नाहीतर दोन काड्यांनी उचलणार कसा? त्यांच्या आखूड, गोलसर तांदळात अमायलोज नावाचा स्टार्च कमी असतो म्हणून तो चिकट होतो. तो तांदूळ ऑनलाइन मिळतो पण महाग पडतो. आमचं भागलं इंद्रायणीवर. मावळातला हा तांदूळ, पुणेकरांना नव्याने सांगायला नको. पाणी नितळ दिसेपर्यंत चार-पाच वेळा धुवायचा, अर्धा तास भिजवायचा, मग वाटीला सव्वा वाटी पाणी घालून जाड बुडाच्या भांड्यात झाकण न काढता मंद शिजवायचा. गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं तसाच राहू द्यायचा. मीठ नाही, तूप नाही, काही नाही. हात ओला करून चिमूटभर मीठ तळव्यावर चोळायचं आणि गरम भाताचा त्रिकोणी मुटका वळायचा. ही ओनिगिरी. पोटात त्यांची उमेबोशी हवी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ. आमच्याकडे दोन वर्षं मुरलेलं लिंबाचं खारातलं लोणचं होतं, त्याची फोड घातली. बाहेरून नोरीची, म्हणजे समुद्री शेवाळाच्या वाळवलेल्या कागदाची पट्टी. ही एक वस्तू मात्र विकत आणावीच लागते.

पहिल्या दिवशी नातीने मुटका हातात घेतला, फिरवून बघितला आणि म्हणाली, "आजी, कोपरे नीट नाही आले." मग खाल्ला. दोन खाल्ले! तिची आई आत जाऊन डोळे पुसून आली.

आता मिसो सूप, मिसोशिरू. इथे आपलं सोवळं आडवं येतं, कारण त्या सुपाचा पाया म्हणजे दाशी, आणि ती साधारणपणे वाळवलेल्या माशाच्या कीसाची करतात. पण जपानातल्या बौद्ध मठांमध्ये मांस-मासळी तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. त्या स्वयंपाकाला शोजिन र्योरी म्हणतात. म्हणजे आमच्या सासूबाईंच्या चातुर्मासाला चालेल असा! डोगेन नावाच्या झेन गुरूंनी १२३७ साली मठातल्या आचाऱ्याने कसं वागावं यावर एक ग्रंथच लिहिला. तांदूळ धुताना त्यातले खडे कसे लक्ष देऊन काढावेत इथपर्यंत त्यात आहे. हे वाचून मी खूश झाले. तांदूळ निवडण्यात आमचा जन्म गेला, कोणी ग्रंथात नाही घातलं :-)

तर शाकाहारी दाशी अशी. कोंबू म्हणजे समुद्रातल्या वनस्पतीची वाळवलेली जाड पट्टी. तिचा तळहाताएवढा तुकडा आणि तीन-चार सुके शिताके मशरूम एक लिटर गार पाण्यात रात्रभर भिजत घालायचे. कोंबूवर पांढरी पूड दिसते, ती धुऊन टाकायची नाही, तीच चव. सकाळी मंद आचेवर ठेवायचं आणि उकळी फुटायच्या आत कोंबू काढून घ्यायचा. बस्स. १९०८ साली किकुनाए इकेदा या टोकियोच्या प्राध्यापकांनी या कोंबूच्या पाण्यातूनच ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. पुढच्याच वर्षी त्याची पूड अजिनोमोटो म्हणून बाजारात आली. नाव ऐकून आपण नाक मुरडतो, पण तीच चव पिकल्या टोमॅटोतही असते आणि तो आपण रोज आमटीत घालतो.

या पाण्यात कोहळं (म्हणजे पुण्यामुंबईचा लाल भोपळा), मुळा, बटाटा, जे असेल ते शिजवायचं. गॅस बंद करायचा आणि मग डावात थोडी मिसो कालवून सोडायची, वाटीला चमचाभर. परत उकळायचं नाही, वास उडून जातो. आमटी खळखळून उकळल्याशिवाय आपला जीव शांत होत नाही, त्यामुळे हे सगळ्यात अवघड! आमचे हे तर पहिल्यांदा चमचा तोंडात घालून म्हणाले, "छान आहे. फोडणी कधी घालणार?" शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना. मिसो नुसती सोयाबीन, तांदूळ, मीठ आणि कोजी नावाच्या बुरशीची असते, पण काही पाकिटांत माशाची दाशी आधीच घातलेली असते. लेबल वाचून घ्या. सोया सॉससुद्धा आपल्या चायनीजच्या गाडीवरचा काळा दाट नको. सोयाबीन, गहू, मीठ, पाणी एवढंच लिहिलेला घ्यावा.

तीळ तर घरात असतातच. पालक अर्धं मिनिट उकळत्या पाण्यात घालून गार पाण्यात टाकायचा, घट्ट पिळायचा, आणि भाजून कुटलेले दोन चमचे तीळ, चमचाभर सोया सॉस, थोडी साखर यात कालवायचा. झाली गोमाआए. नवशिक्यांनी खरं तर इथूनच सुरुवात करावी, कारण बिघडायला काही नाहीच. आणि संत्र्याच्या दिवसांत संत्र्याचा रस, थोडं लिंबू आणि सोया सॉस एकत्र करून बघा. त्यांच्या पोन्झूच्या बऱ्यापैकी जवळ जातं. तोफूवर घालायचं.

तोफूवरून सोयाबीन आठवलं, आणि मला खरं सांगायचं आहे ते हेच. धाकट्या दिरांची काटोलजवळ शेती आहे. संत्र्याची बाग, आणि बाकी सगळं सोयाबीन. इतकी वर्षं ते सोयाबीन शेतातून काढलं, पोत्यात भरलं आणि बाजार समितीत नेलं. पुढे त्याचं तेल निघतं, पेंड जनावरांना नाहीतर परदेशात जाते. आपल्या पानात काय येतं त्यातलं? भाव पडला की घरात चूल थंड असल्यासारखी शांतता, एवढाच आमचा आणि सोयाबीनचा संबंध. गेल्या वर्षी गणपतीनंतर आम्ही शेतावर गेलो. शेंगा भरलेल्या पण अजून हिरव्या होत्या. नात बांधावर थबकली आणि ओरडली, "एदामामे!"

इतक्या मोठ्याने ती नागपुरात आल्यापासून बोलली नव्हती.

दीर म्हणाले, "वहिनी, सोयाबीन का कोणी असं खाते का?" आधी विचारून घेतलं की फवारणी कधी केली होती. बरेच दिवस झाले होते. मग दोन झाडं उपटून शेंगा तोडल्या, धुतल्या, मिठाच्या पाण्यात सात-आठ मिनिटं चांगल्या उकळल्या (सोयाबीन कच्चं खायचं नसतं), वरून पुन्हा मीठ भुरभुरलं. शेंग दातात धरून दाणे तोंडात ओढायचे, साल टाकून द्यायची. आपली वाणं तेलाची, दाणा जपानपेक्षा बारीक, पण चव गोड. नात ताटली घेऊन सगळ्यांना वाढत फिरली, गड्यांनासुद्धा, आणि सगळ्यांचं वाढून होईपर्यंत कोणाला खाऊ देईना. दीर दोन ताटल्या संपवून म्हणाले, "पंचवीस वर्ष झाले मी हे पिकवून राहिलो..." आणि पुढे काही बोललेच नाहीत.

येताना वाळलेलं पाच किलो सोयाबीनही घेऊन आले. पाव किलो रात्रभर भिजवून वाटायचं, फडक्यातून दूध पिळून काढायचं, ते दहा मिनिटं उकळायचं (उतू फार जातं, समोरून हलायचं नाही), जरा निवल्यावर पाण्यात मिसळलेला लिंबाचा रस हळूहळू घालायचा. पनीरसारखं फाटतं. फडक्यात बांधून वर वरवंटा ठेवायचा, झाला तोफू. उरलेल्या चोथ्याचं ज्वारीचं पीठ, मिरची, सांबार घालून थालीपीठ. ते मात्र जाऊबाईंनी स्वतःहून मागून घेतलं, बरं का.

वजन दिवाळीपर्यंत भरून आलं. आता ती पोळी खाते, गोळाभात खाते, नाकातून पाणी येईपर्यंत तर्री-पोहे खाते. जपानी स्वयंपाक आठवड्यातून एखाद-दोनदा होतो, तोही निम्मा आमच्या यांच्यासाठी. मध्ये एकदा कामठीच्या ड्रॅगन पॅलेसला गेलो होतो. १९९९ साली जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीने ते उभं राहिलं. तिथली जपानी अक्षरं तिला वाचून दाखव म्हटलं तर दोन वाचली, तिसऱ्यापाशी अडली आणि पळाली बागेत.

या वर्षी गणपतीनंतर दीर आपणहून पिशवीभर हिरव्या शेंगा घेऊन आले. नातीने दार उघडलं, पिशवीत डोकावली आणि आतमध्ये ओरडून सांगितलं, "आजी, काकाआजोबांनी सोयाबीनच्या शेंगा आणल्या!" लेक माझ्या शेजारीच ओट्यापाशी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मग तिने पाणी उकळायला ठेवलं, आणि मी उद्यासाठी कोंबू भिजत घातला.