दोन कर्जत

माझ्या पुतण्याचे सांगलीत हळदीचे दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी तेथून अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जतसाठी निघालेली 20 पोती रायगड जिल्ह्यातील कर्जतला जाऊन पोहोचली. दोन्ही गावांच्या मध्ये सह्याद्री उभा! भाड्याचा भुर्दंड बसलाच. पण त्याहून वाईट म्हणजे दुकानातील सत्तरीच्या दिवाणजींवर ठपका आला. "काका, त्यांना आता घरी बसवावे लागेल," पुतण्या म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले.

मी एक महिन्याची मुदत मागून घेतली. बँकेत असताना चुकीचा माणूस शोधण्यापूर्वी चुकीची नोंद शोधण्याची सवय लागली होती. एक्सेलच्या तक्त्यात गावाच्या रकान्यात 'कर्जत' एवढेच होते. जिल्ह्याचा रकानाच नव्हता! दिवाणजींनी गाव बरोबर लिहिले होते. वाहतूकदाराने आपल्या समजुतीने रायगड धरले. खेड पुण्यात आहे आणि रत्नागिरीतही. मालेगाव नाशिकात आहे तसे वाशीममध्येही. आज ना उद्या हे घडणारच होते.

मग मी नवा फॉर्म करावयास बसलो. आधी जिल्हा निवडायचा, आणि त्या जिल्ह्याचे तेवढेच तालुके पुढच्या यादीत उघडायचे. यासाठी डेटा व्हॅलिडेशनमध्ये 'इनडायरेक्ट' हे सूत्र वापरतात. प्रत्येक जिल्ह्याच्या तालुक्यांची यादी वेगळ्या पानावर मांडून तिला जिल्ह्याचेच नाव द्यावे लागते. त्या नावात मोकळी जागा चालत नाही, त्यामुळे मुंबई उपनगर आणि छत्रपती संभाजीनगर येथे गाडी अडली. शब्दांमध्ये खालची रेघ घातली, सूत्रातही तशी तजवीज केली, तेव्हा ती सुटली. 36 जिल्ह्यांच्या याद्या भरण्यात माझे आठ दिवस गेले. पत्नीने या काळात माझ्याशी बोलणे जवळजवळ सोडून दिले होते.

खरी खोच पुढे निघाली. जिल्हा पुणे, तालुका खेड निवडला आणि नंतर जिल्हा बदलून सातारा केला, तरी खेड तसेच राहते. यादी बदलते, निवडलेला शब्द मात्र आपोआप पुसला जात नाही. म्हणजे जुनीच चूक नव्या वेषात! तालुका त्या जिल्ह्याच्या यादीत नसेल तर चौकट लाल व्हावी, अशी सोय केली, तेव्हा कुठे झोप लागली.

ग्राहकाचे नाव निवडताच पत्ता आणि जीएसटी क्रमांक आपोआप भरला जाण्याचे काम त्या मानाने सोपे, 'व्हीलूकअप'चे. त्या क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27, कर्नाटकाचे 29. त्यामुळे बेळगावच्या बिलावर आयजीएसटी लागायचा की सीजीएसटी-एसजीएसटी, हेही फॉर्मच सांगू लागला. पुतण्या खूश झाला.

काही महिन्यांनी एका ग्राहकाने जागा बदलली. आम्ही मूळ यादीत नवा पत्ता घातला. पुढे मागील वर्षाच्या एका बिलाची प्रत काढली, तर तीवरही नवाच पत्ता! "काका, पत्ता तर बरोबर आहे ना?" पुतण्याने विचारले. आजचा बरोबर आहे. पण माल गेला त्या दिवशी तो ग्राहक तेथे नव्हता. आमच्या काळी खतावणीत खाडाखोड चालत नसे. चूक झाली तर रेघ मारून, शेजारी योग्य आकडा लिहून सही करावी लागे. येथे तर कोणाचाही हात न लागता कागद स्वतःच बदलत होता, आणि तो फॉर्म मीच केलेला! त्या सायंकाळी पुतण्याशी माझा बराच वाद झाला. अखेर बिल पूर्ण होताच त्यातील सूत्रे काढून केवळ मजकूर ठेवायचा, असे ठरले. 'पेस्ट व्हॅल्यूज'ची ती दोन बटणे दिवाणजींनी एका दिवसात शिकून घेतली.

त्यांच्यासाठी अक्षरे मोठी केली आहेत. मागच्या महिन्यात मी दुकानात बसलो होतो. फोनवर एक नवे गिऱ्हाईक खेडहून बोलत होते. दिवाणजींनी माऊसला हात लावला नाही. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारले, "खेड कोणते म्हणालात, मालक?"