पात्र, परिसर आणि नागसेनांचा रथ

कादंबरीवरील प्रश्नाचे ठरलेले उत्तर आपल्या मुलांना पाठ असते. पात्र म्हणजे माणसे. वातावरण म्हणजे ती माणसे जिथे वावरतात ती जागा. दोहोंचे मुद्दे वेगळे, गुणही वेगळे. आमचा अध्यापनाचा विषय इतिहास. तथापि वसतिगृहातील मुलांसमवेत संध्याकाळी कादंबऱ्या वाचण्याचा उद्योग आम्ही अनेक वर्षे करीत आलो आहोत, आणि ही वाटणी आम्हांला कधीच पटली नाही.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये पात्रांचे सपाट आणि गोल असे दोन प्रकार सांगितले. एका वाक्यात मावते ते पात्र सपाट. पटेल अशा रीतीने जे आपल्याला चकित करते ते गोल. फूटपट्टी सोयीची आहे, म्हणूनच ती कुठेही लावली जाते. अण्णा भाऊ साठे यांच्या १९५९ च्या ‘फकिरा’लाही ती लावणारे भेटतात. शूर, उदार, शब्दाचा पक्का, झाला सपाट!

आता वाटेगावाकडे पाहावे. गावाच्या जत्रेचा मान राखण्यासाठी जोगिणीपायी फकिराचा बाप राणोजी जीव गमावतो. ज्या गावासाठी मांगवाड्यातला माणूस मेला, त्याच मांगवाड्यावर पुढे सरकारी हजेरीची सक्ती येते, दुष्काळ येतो, आणि फकिरा धान्य लुटून भुकेलेल्यांना जगवतो. मांगवाडा, हजेरी, दुष्काळ काढून घ्या. फकिरा नावाचे काहीही हाती उरत नाही. ज्याला आपण वातावरण म्हणून दोन ओळींत उरकतो, तेच येथे पात्राची हाडे झाले आहे.

‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण आपण सहज वापरतो. तिच्यात स्वभावाचा एक सिद्धान्त दडलेला आहे : माणूस जन्मतःच जसा तसा. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये याच सिद्धान्ताचा कायदा केला आणि पुढे जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरविल्या. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो रद्द झाला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये नोकरी केलेल्या मालतीबाई बेडेकरांनी ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने १९५० मध्ये लिहिलेल्या ‘बळी’त तारेच्या कुंपणाआडचे हे जग आहे. पात्राविषयीची चुकीची कल्पना केवळ परीक्षेतले गुण घालवीत नाही, हे आम्ही मुलांना येथे सांगतो.

आमच्या मते या प्रश्नावरचे अधिक खोल विवेचन आपल्या शहराच्या ओळखीच्या नावांतच आहे. १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय सुरू केले. त्याला मिलिंद हे नाव मिळाले, परिसराला नागसेनवन. ‘मिलिंदप्रश्ना’त भदन्त नागसेन राजाला विचारतात, महाराज, आपण रथातून आलात, मग आस म्हणजे रथ काय? चाक? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. हे सारे एकत्र जुळले की त्याला रथ म्हणावयाचे, आणि नागसेन हे नावही तसेच. आत लपलेला, न बदलणारा असा कोणी नाही. कादंबरीतील पात्राला हे दृष्टान्तरूपाने लावून पाहावे. भूक, जात, बोली, बापाची आठवण, गावाची वेस यांच्या जुळणीला लेखकाने दिलेले नाव म्हणजे फकिरा.

मग माणूस परिस्थितीच्या हातातील बाहुले ठरतो काय? ही शंका रास्त आहे. फकिरा सापडत नाही म्हणून त्याच्या माणसांना ओलीस धरले जाते, तेव्हा तो त्यांच्यासाठी स्वतःहून सरकारच्या स्वाधीन होतो. कोंडी परिस्थितीने केली, पाऊल मात्र त्याने उचलले. तथागतांनीही कर्म म्हटले ते चेतनेला. फॉर्स्टरच्या फूटपट्टीत हे पाऊल कुठे बसवायचे, हे ज्याचे त्याने पाहावे.

एकच जागा सर्वांना एकसारखी नसते, हेही ओघाने आलेच. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकर पुण्याच्या वसतिगृहात वडिलांचा पैसा उधळतो आणि शेवटी गावी परततो. परतण्यासाठी मागे घर आहे, शेती आहे, कर्ते वडील आहेत. कादंबरी मोठी आहे, आम्ही ती पुन्हापुन्हा वाचतो. परंतु त्याच काळात मराठवाड्यातील खेड्यांतून ट्रंक घेऊन नागसेनवनात आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा, वसतिगृह म्हणजे काय होते? दोन वेळचे जेवण, दिवा आणि ज्या गावी परतायचे नाही त्या गावापासूनचे अंतर.

म्हणून आम्ही मुलांना एक खेळ देतो : पात्र उचलून दुसऱ्या जागी ठेवून पाहा. गेल्या वर्षी विचारले, फकिराला आपल्या वसतिगृहात आणले तर? कोणी म्हणाले तो वकील झाला असता, कोणी म्हणाले पोलीस. ऊसतोड कुटुंबातून आलेला एक सातवीतला मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सर, पहिल्या रात्री तो जेवलाच नसता. घरी चूल पेटली का, तेच बघत बसला असता.”