अंगावर काढणं

आमच्या घरात आजारी पडायची पद्धत नाही. म्हणजे आजार येतात, पण त्यांना कोणी फारसं विचारत नाही. ताप आला की आजी म्हणायची, "जरा कणकण आहे." विळीवर बोट कापलं की आई हळद दाबायची आणि उरलेली भाजी चिरून मोकळी व्हायची. बाबा तर अख्ख्या नोकरीत आजारपणाच्या किती कमी रजा घेतल्या हे अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. दुखणं अंगावर काढणं हा आमच्याकडे गुण समजतात. लग्नाच्या वेळी पत्रिकेसोबत लिहून पाठवायचा तेवढा राहिला.

2015 साली बाबांच्या छातीत जळजळायला लागलं. "पित्त झालंय," ते म्हणाले. कोकम सरबत झालं, पित्ताची गोळी झाली, दोन रात्री बसून काढल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे घामाने बनियन भिजलं तेव्हा कुठे आईने मला उठवलं. बाबा वाचले. पण डॉक्टर म्हणाले, हृदयाचा एक भाग गेला तो गेलाच, आदल्या दिवशी आणलं असतंत तर बराच वाचला असता. तेव्हापासून बाबांना एक जिना चढला की थांबावं लागतं.

मी धावायला लागलो तो या भीतीने. आरोग्य, शिस्त वगैरे गोष्टी मी नंतर लोकांना सांगायला शिकलो. वय 38, पोट पुढे, आणि घराजवळच्या मैदानाला पहिल्या दिवशी मारलेली दीड फेरी. उरलेली अर्धी चालत. पण चिकाटी हा आमच्या घराण्याचा गुण (वर पाहा). 2018 मध्ये पहिली हाफ मॅरेथॉन पूर्ण केली, 21 किलोमीटर आणि वर आणखी 97 मीटर. ते 97 मीटर कोणी घातले त्याला मी शेवटी मनातल्या मनात बरंच काही बोललो. घरी आल्यावर काकांचा फोन, "कितवा आलास?" आता काय सांगणार? पदकं सगळ्यांनाच देतात हो काका.

तर मुद्दा साताऱ्याचा. सातारा हिल हाफ मॅरेथॉन 2012 साली सुरू झाली, आणि आमच्यासारख्या हौशी धावपटूंमध्ये तिचा एक वेगळाच दरारा आहे. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढत कासच्या रस्त्याला लागायचं आणि मग वळून तोच घाट उतरायचा. अर्धी शर्यत चढ, अर्धी उतार. पावसाळी हवा, हिरवेगार डोंगर, नशीब असेल तर धुकं. 2023 साठी मी नाव नोंदवलं आणि सरावाला पुण्याचा बोपदेव घाट पकडला. पहाटे सव्वापाचला कोंढव्याच्या बाजूने चढायला सुरुवात, वर जाऊन दोन घोट पाणी, आणि मग खाली सुसाट. चढताना फुप्फुसं बाहेर येतात, पण उतरताना माणसाला वाटतं, आपण केनियाचेच.

शर्यतीला दोन महिने राहिले होते तेव्हा त्या उतारावर उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला काहीतरी टोचलं. घरी आल्यावर गेलं. पुढच्या आठवड्यात परत, बरोबर सहाव्या किलोमीटरला. मग पाचव्या. मग चौथ्या. घड्याळ लावून यावं तसं. सपाटीवर चालताना काही नाही, जिना उतरताना मात्र कोणी सुई खुपसल्यासारखं.

आणि मी काय केलं? मी ते अंगावर काढलं. गुडघ्याला पट्टा लावला, बर्फ लावला, मांडीखाली तो खडबडीत फोमचा लाटणा-रोलर घेऊन रोज रात्री कण्हत लोळलो. बायको म्हणाली, "अरे, दाखव की कुणाला तरी." मी म्हणालो, "स्नायू आखडलाय, धावूनच मोकळा होईल." शेवटच्या मोठ्या सरावाच्या दिवशी तर निघण्याआधी वेदनाशामक गोळी घेतली. ही गोष्ट मी आज पहिल्यांदा लिहितोय. त्या दिवशी 18 किलोमीटर झाले, मजेत झाले, आणि दुपारी मला खुर्चीतून उठता येईना.

संध्याकाळी सोसायटीचा जिना उतरत होतो. कठडा धरून, लहान मुलासारखा, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. खाली बाकावर बाबा बसले होते.

"किती दिवस?"

"काय किती दिवस?"

"लंगडतोयस ते."

"काही नाही हो बाबा, जरा अवघडलंय."

बाबा काही बोलले नाहीत. समोरच्या पार्किंगकडे बघत बसले. मग म्हणाले, "मीपण पित्त म्हणालो होतो."

एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिजिओथेरपिस्टकडे गेलो.

तिथल्या बाईंनी मला आडवं करून गुडघ्याच्या बाहेरच्या हाडावर अंगठा दाबला आणि पाय हळूहळू सरळ केला. एका विशिष्ट कोनात मी किंचाळलो. "आयटी बँड," त्या म्हणाल्या. कमरेच्या बाहेरच्या बाजूपासून मांडीवरून खाली गुडघ्याच्या पलीकडे जाणारा हा एक जाड पट्टा असतो. गुडघा साधारण 30 अंशात वाकतो तेव्हा तो बाहेरच्या हाडावर दाबला जातो, आणि हजारो पावलं तेच झालं की आतला भाग चिडतो. उतारावर नेमका हा दाब वाढतो. मी दर आठवड्याला घाट वाढवत गेलो होतो, शरीराला सवय व्हायला वेळ न देता. मग त्यांनी मला आरशासमोर एका पायावर अर्धं बसायला सांगितलं. डावा पाय उचलल्याबरोबर कमरेची डावी बाजू खाली कलली आणि उजवा गुडघा आत वळला. म्हणजे दुखत होतं गुडघ्यात, आणि दुबळे होते कमरेचे, कुल्ल्याचे स्नायू! आणि तो रोलर? तो पट्टा इतका चिवट असतो म्हणे, की लाटून तो काही लांब होत नाही. फार तर तात्पुरतं बरं वाटतं. महिनाभर मी पोळपाटावर दगड लाटत होतो.

साताऱ्याचं विचारायची हिंमत नव्हती, तरी विचारलं. त्या म्हणाल्या, "धावाल हो, गोळी घेऊन धावालच. प्रश्न त्यानंतरच्या सहा महिन्यांचा आहे." लांब पल्ल्याच्या धावण्यात अशा गोळ्या मूत्रपिंडांवरही ताण आणू शकतात, हेही मला तिथेच कळलं.

घरी येऊन पॉला रॅडक्लिफबद्दल पुन्हा वाचत बसलो. 2003 मध्ये लंडनला 2 तास 15 मिनिटं 25 सेकंदांत धावलेली ही बाई, हा विक्रम पुढे सोळा वर्षं टिकला. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकच्या तोंडावर तिचा पाय दुखावला. त्यावर घेतलेल्या औषधांनी पोट बिघडलं आणि 36 व्या किलोमीटरच्या आसपास ती रस्त्याच्या कडेला बसून रडली. तिच्यावर टीकाही झाली, की सोडलीच कशी? पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. जगातली सर्वांत चिवट बाई जर रस्त्याच्या कडेला बसू शकते, तर मी कोण लागून गेलो?

मी साताऱ्याला धावलो नाही. गेलो मात्र. घाट सुरू होतो तिथे मित्रांच्या पिशव्या सांभाळत उभा राहिलो. ओळखीचे, अनोळखी, सगळ्यांना ओरडून ओरडून घसा बसला. खरं सांगतो, पहिली दहा मिनिटं रडू येत होतं. नंतर मात्र एक गंमत दिसली. उतरणाऱ्या धावपटूंमध्ये कोण थकलंय आणि कोण दुखावलंय, हे कडेला उभ्या माणसाला लांबूनच कळत होतं. धावणाऱ्यालाच तेवढं कळत नसावं. की कळत असतं?

त्यानंतर चार महिने रोज संध्याकाळी कुशीवर पडून पाय वर-खाली, शिंपल्यासारखे गुडघे उघड-मिट, पायरीवरून एका पायावर हळूहळू उतरणं. इतका कंटाळवाणा पराक्रम मी आयुष्यात केला नाही. घाट चढताना निदान लोक बघतात तरी.

या सगळ्यात एक हिशेब शिकलो. दोन्ही पाय सारखे जड असतील, दुखणं पसरलेलं असेल, अंग गरम झाल्यावर कमी होत असेल आणि एक-दोन दिवसांत जात असेल, तर ते बहुतेक सोसायचं दुखणं. एकाच पायात, एका बोटाने दाखवता येईल अशा जागी, धावताना वाढणारं, चाल बदलायला लावणारं किंवा रात्री झोपेतून उठवणारं असेल, तर ते ऐकायचं दुखणं. आमच्या घराण्यात पहिलं फार छान शिकवलं. दुसरं शिकवायचं राहून गेलं. यात कोणाचा दोष नाही. सोसल्याशिवाय त्यांचं भागतच नव्हतं. माझं भागतं. (मावशी, तू हे वाचत असशील तर त्या खांद्याचं काय झालं?)

2024 ला साताऱ्याला धावलो. वेळ विचारू नका, चांगली दणदणीत लागली. उतारावर मुद्दाम छोटी पावलं टाकत आलो, साठीच्या एक आजी टकटक करत पुढे निघून गेल्या. गुडघा गप्प होता.

घरी आलो तेव्हा बाबा दारातच उभे होते. मी पदक आणि कंदी पेढ्यांचा खोका पुढे केला. अर्धा पेढा तोंडात टाकत त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. कितवा आलास, हे त्यांनी विचारलं नाही.

"दुखतंय का कुठे?"

तोंडावर "छे, काही नाही" आलंच होतं.

"डाव्या टाचेत," मी म्हणालो. "थोडं."

"मग उद्या दाखवून ये," बाबा म्हणाले, आणि उरलेला अर्धा पेढा उचलला.