बंब आणि बॉयलर

इंदूरच्या आमच्या वाड्यातील तांब्याच्या बंबाला दाब ठाऊक नव्हता. ढलप्या घातल्या, धूर डोळ्यांत गेला, की पाणी तापे. गेल्या जानेवारीत लेकीकडे लेस्टरला गेलो, तर तेथील बॉयलरचा काटा रोज सकाळी शून्याकडे झुकलेला. काटा फार उतरला की बॉयलर बंदच. आणि घरात वीस दिवसांची नात. जावई तोटी उघडून दाब दीड बारवर आणीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या घरात मी पाहुणा, म्हणजे जवळजवळ अडगळच. गुडघ्यांवर बसून रेडिएटरांचे सांधे कागद लावून तपासले, सारे कोरडे. मग ध्यानी आले, की तापताना काटा थेट तीनपर्यंत चढतो. बाहेर जाऊन भिंतीतून निघालेली तांब्याची नळी पाहिली, तो तिच्या तोंडाशी थेंब! तापलेले पाणी फुगते. ती वाढ सामावून घेणाऱ्या टाकीतील हवा गेली, की तीन बारला सुरक्षा झडप उघडून पाणी बाहेर टाकते आणि निवल्यावर काटा पडतो. बॉयलर उघडण्याचे काम नोंदणीकृत कारागिराचे. त्याने टाकीत हवा भरली, झडप बदलली. संध्याकाळी नातीच्या आंघोळीचे पाणी पाहायला लेकीने मलाच हाक मारली.