दातांवर दात

गेल्या श्रावणात कानबाईच्या रोटाने आमची परीक्षा घेतली. गोडादऱ्यातल्या खानदेशी कुटुंबांना रोटाची महती सांगायला नको. भाऊबंदांनी मिळून तो संपवायचा असतो. पहिल्याच घासाला आमच्या उजव्या कानापुढे 'कट्' असा आवाज झाला, कळ कानशिलापर्यंत गेली आणि रोट ताटात तसाच राहिला. कोणी काही बोलले नाही. पण देवीचा प्रसाद टाकल्याची खंत आम्हांस रात्रभर झोपू देईना.

कानच दुखतो आहे, असे समजून आम्ही त्यात कोमट तेल घातले. (हा शहाणपणा कोणी करू नये.) कानाच्या डॉक्टरांनी कान निर्दोष ठरवून दंतवैद्याकडे धाडले. तिथल्या डॉक्टरीणबाईंचा पहिला प्रश्न, मावा खाता का? सुरतेत तो अस्थानी नव्हे. सुपारीने गालाचे अस्तर कडक होऊन तोंड उघडेनासे होते. आमचे दुखणे निराळे निघाले. जबड्याचा सांधा बिजागरीसारखा फिरतो, शिवाय पुढेही सरकतो. आत एक लवचीक चकती असते. ती जागची हलली की आवाज होतो. दुखत नसेल तर नुसत्या आवाजाला उपचार लागत नाही.

मग बाईंनी विचारले, "काका, आत्ता तुमचे दात एकमेकांना टेकलेले आहेत का?"

होते. ओठ मिटलेले आणि दात सुटे, ही जबड्याची विश्रांती. आमच्या जबड्याला ती ठाऊकच नव्हती. सरकारी नोकरीत वरिष्ठांपुढे जे बोलायचे नसते, ते आम्ही उभा जन्म दातांखाली धरले. नोकरी सुटली, दात सुटले नाहीत. घरी हे सांगितले तेव्हा सौ. म्हणाली, "रात्री दात खाता, तीस वर्षं ऐकतेय. तुम्ही कधी विचारलंत?"

उपचार साधेच. मऊ अन्न, गरम शेक, जांभई येताच हनुवटीला हाताचा आधार, रात्री दातांवर बसवायचे मापाचे आवरण. शस्त्रक्रियेचे नावही निघाले नाही; बहुतेकांना तिची गरज पडत नाही. मात्र चालताना वा श्रमाने जबडा दुखू लागला, सोबत छाती आवळली, घाम फुटला, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. तडक इस्पितळ गाठावे, असे त्यांनी बजावले.

दोन महिन्यांत कळ ओसरली. सौ.ने देवघराच्या चौकटीवर 'दात!' अशी चिठ्ठी डकवली आहे. ती दिसताच आम्ही जबडा सैल सोडतो. त्यासरशी एखादा जुना शब्दही तोंडातून निसटतो, आणि तो बहुधा तिलाच ऐकावा लागतो.